गिधाडांसाठी करी-कट मटण

माझ्या साडूला गिधाडं ओळखतात. हे तो स्वतः सांगत नाही, हीच माझी तक्रार. त्याने सांगितलं असतं तर फुशारक्या मारतो म्हणून मी मोकळा झालो असतो. सांगते माझी मुलगी. "द व्हल्चर्स अ‍ॅक्च्युअली नो हिम, बाबा!" मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या शाळेचा वॉचमन मला अजून दर वेळी गेटवर अडवतो, हेही ती साधारण त्याच सुरात सांगते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो फुजैराला, जहाजांत तेल भरणाऱ्या एका कंपनीत आहे. आम्ही दुबईत, अल मनखूलला. पूर्वी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की आम्ही दोघे रमी खेळायचो आणि तो हरायचा. फार सुंदर दिवस होते ते. मग त्याला गिधाडं भेटली.

फुजैराच्या मागे डोंगरात एक वादी, म्हणजे नदीचं कोरडं पात्र, आहे. तिच्या एका उभ्या कड्यावर पांढऱ्या गिधाडांची जोडी राहते. तिथे पूर्वी बरीच होती म्हणे. विजेच्या तारा, विषारी आमिषं आणि कड्याखाली येऊन ढणाढणा गाणी लावणारे पिकनिकवाले, यांतून एवढी एक जोडी उरली. रीतसर परवानगी काढलेला पक्षीवाल्यांचा एक ग्रुप तिला जपतो. लांबच्या एका टेकडीवर ते मेलेली बकरी ठेवतात आणि विणीच्या महिन्यांत कड्याजवळ कुणाला फिरकू देत नाहीत. साडूचं काम म्हणजे बोरीच्या झाडाखाली फोल्डिंग खुर्ची टाकून, तिपाईवरच्या दुर्बिणीतून घरट्यावर नजर ठेवणं आणि गाडी आली की "हबीबी, यल्ला, पलीकडे" म्हणून हाकलणं. एवढ्या कामावर माझी मुलगी फिदा होती. दर शनिवारी मी तिला फुजैराला घेऊन जायचो. तिथे काका आणि भाची एकाच दुर्बिणीला आळीपाळीने डोळा लावणार, आणि मी गाडीत एसी लावून बसणार. तिच्या खोलीत भिंतीवर त्याने काढलेला गिधाडाचा फोटो आहे. माझा फोटो तिच्या एमिरेट्स आयडीच्या अर्जापुरताही लागला नव्हता.

त्या वर्षी कपारीत अंडं आलं. मुलीला जेवण सुचेना. आणि नेमका एका शुक्रवारी साडूचा फोन आला.

"उद्या सकाळी जहाज लागतंय, मला पोर्टवर जावं लागेल. दोन तास माझ्या खुर्चीत बसाल का?"

"बसेन की. करायचं काय?"

"काही नाही. वादी ओलांडायची नाही. बस्स. काहीच करायचं नाही."

काही न करणं हा गुण माझ्यात असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. मला त्या खुर्चीत सिंहासन दिसायला लागलं. वाटलं, उद्या गिधाड माझ्या हातचं खायला खाली येईल, मुलगी बघेल आणि भिंतीवरचा फोटो बदलेल. संध्याकाळी मी मटण आणायला गेलो. खाटकाने माझ्याकडे न बघता, सवयीनं विचारलं, "करी-कट?" मी सवयीनं म्हणालो, "हां भाई, करी-कट." रात्री फ्रिजमध्ये मटण दिसल्यावर बायकोने, तिच्या सवयीनं, मीठ-हळद लावून ठेवलं. सकाळी मी ते तसंच पिशवीत घालून निघालो. म्हटलं, गिधाडाचं तोंड तर आधीच पिवळंधमक असतं, त्याला हळदीचं काय वावडं!

मुलीला दुर्बिणीशी बसवून मी वादी ओलांडली आणि कड्याखालच्या एका सपाट दगडावर मटण मांडलं. परत येऊन खुर्चीत बसलो. मादी वर अंड्यावर ढिम्म बसून होती.

"व्हॉट डिड यू पुट देअर?"

"सरप्राइज आहे."

बराच वेळ झाला. मादी मान वळवेना. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे कसे एकेक कबूल करायला लागतात, तसा मीही मनात कबूल करत गेलो. साडूचा हेवा करणार नाही. बरं, कमी करीन. भिंतीवरच्या त्या फोटोला हार घालीन. पण ये ग बाई एकदा खाली!

आणि शिवला. पण कावळा.

हे इथले कावळे मूळचे आपलेच, आपल्याच किनाऱ्यावरून जहाजांत बसून आलेले. मीठ-हळद लावलेलं मटण, तेही एका घासात मावेल असं कापलेलं, बघून त्या गाववाल्याने अशी काही हाक दिली की बघता बघता दगड काळा झाला. पोटं भरल्यावर त्यांतले काही करमणुकीला वर कपारीकडे गेले. दोघांनी मादीची शेपटी ओढली, एक समोरून अंगावर गेला. ती उठली.

"बाबा! शी'ज ऑफ! अंडं उघडं आहे!" मुलगी घाबरली की मराठीत येते.

मी साडूला फोन लावला.

"काय घातलंत तुम्ही खाली?"

"मटण."

"अख्खी मांडी?"

"…करी-कट."

फोनमध्ये त्याच्या पोर्टवरचा भोंगा वाजला.

"अहो, आम्ही अख्खं जनावर ठेवतो ते कावळ्यांना उचलता येऊ नये म्हणून. आता उरलेलं गोळा करा आणि कावळे मागे येतील असे रस्त्याकडे चालत सुटा. मी निघालोच."

मी तुकडे वेचले. पिशवी उघडी धरून, अधूनमधून एखादा तुकडा हवेत उंच उडवून, वादीतून चालायला लागलो. वरून कावळे खाली आले आणि माझ्या मागे लागले. मी एकटा नवरदेव आणि मागे काळी वरात. खांद्यावर आहेर पडत होता. मान वाकडी करून कानाशी दाबलेल्या फोनमधून, दुर्बिणीपाशी थांबलेली मुलगी ओरडत होती.

"कीप गोइंग, बाबा! अजून दोन राहिलेत. डोन्ट लुक बॅक! गेले… दोन्ही गेले. ती येतेय! ओ माय गॉड, ती येतेय!"

मला मागे वळून बघायचं होतं. पण वळलो की कावळेही वळत होते.

"बसली! बाबा, बसली!"

रस्त्याला लागतो तोच साडूची गाडी आली. त्याने काच खाली करून माझ्या डोक्याकडे बघितलं.

"अंडं?"

"बसली म्हणते."

"घरी काही बोलणार नाही मी," तो म्हणाला आणि गाडी वर घेऊन गेला. त्याने खरंच कुणाला काही सांगितलं नाही. हेही मला सहन झालं नाही, म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटलो.

मी रस्त्याच्या कडेला पिशवी कवटाळून बसलो. वरून त्या दोघांचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने मुलगी पाण्याची बाटली घेऊन खाली आली, शेजारी बसली आणि टिश्यूने माझा खांदा पुसला.

"काका म्हणतो, क्रोज चेहरे लक्षात ठेवतात. दे विल नो यू नाऊ."

पुढे पिल्लू निघालं. कावळ्यांनीही शब्द पाळला. मी गाडीतून उतरलो की ते हजर, त्यामुळे मला बोरीच्या झाडापर्यंत जायला ग्रुपची कायमची मनाई आहे. माझी वेगळी फोल्डिंग खुर्ची रस्त्यापाशी असते. तिथून मला झाडाखाली दोन डोकी दिसतात. पिल्लू मी अजून पाहिलेलं नाही. साडू आता मला फारसा खुपत नाही. खुपतं ते कपारीत पिल्लापाशी बसलेलं हळदीच्या तोंडाचं ध्यान. माझी मुलगी श्वास धरून, एक डोळा मिटून, सकाळभर त्याच्याकडे बघत असते आणि ते एकदाही मान वर करत नाही.