कुणीतरी उठेपर्यंत

सकाळी हे दाढीला बसले होते. खिळ्याला अडकवलेल्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. मी स्टोव्हपाशी होते. "काय हो, झाली का?" म्हणत मी वळले, तोवर... छातीत कळ आली आणि गेले. महिना होत आला.

तो पट्टा यंत्रमागाचा, चामडी, यांच्या नाटकातला. इथं सुरतेत, पांडेसऱ्याला, तेव्हा नुकते कापडाचे कारखाने उभे राहत होते, आणि खानदेशातून आलेली आमची माणसं मुकादमाचा मार मुकाट खायची. यांनी चाळीच्या पटांगणात नाटक मांडलं. पडदा नाही, मंच नाही, लोक गोल बसायचे. हे कामगार व्हायचे, यांचा मित्र भिका मुकादम. बघणाऱ्यांतलं कुणीतरी उठून भिकाचा हात धरेपर्यंत मार थांबायचा नाही, आणि मार लटका नसायचा. घरच्यांनी मात्र उठायचं नाही, असा यांचा नियम. दोन-चार फटक्यांत लोक धावायचे, भिकाला लोळवायचे. मला मेलीला ते कधी सोसलं नाही, पण लोक उठले की यांचा चेहरा असा फुलायचा, की मी गप्प बसायचे.

मग एका सुट्टीच्या संध्याकाळी खरा मुकादम दोन माणसं घेऊन पुढ्यात खाटेवर येऊन बसला. जो उठेल त्याचं काम गेलं, हे कुणी सांगायला नको होतं. पट्टा सुरू झाला... पाठ फुटली, सदरा रक्ताने चिकटला, कुणी उठेना. रडत रडत भिकाने हात आखडला, तर हेच खालून म्हणाले, "मार भिका, उठतीन लोक." पुढचा फटका कानावर बसला. कानातून रक्त आलं. अख्खी चाळ जमिनीकडे बघत होती. गेला खड्ड्यात तो नियम, म्हणून मी उठले आणि भिकाचा हात धरला.

"आखिर घरवाली ही उठी," मुकादम हसला, पान थुंकला आणि गेला.

यांचा तो कान कायमचा गेला आणि नाटकही. मी पाठीला हळद लावतेय, तर मलाच विचारतात, "तू का बरं उठनी?" तेव्हापासून आमचं भांडण तेवढंच. हे म्हणायचे, अजून एक फटका आणि लोक उठले असते. मी म्हणायचे, अजून एक फटका आणि तुम्हाला चौघांनी उचललं असतं.

आता तीच माणसं भेटायला येतात. पट्ट्याकडे बघतात, मान खाली घालतात. "वहिनी, त्या दिवशी मी उठतच होतो." प्रत्येक जण हेच सांगतो. हे असते तर म्हणाले असते, बघ, सांगत नव्हतो?... संताप येतो आणि रडूही. काल शेजारचे काका तेच बोलून जायला निघाले. चहा उकळत होता.

म्हटलं, "बसा हो. तेव्हाही बसलाच होतात."