जावयाच्या हातातलं स्टिअरिंग

आरमोरीच्या वामनराव खोब्रागडेंची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. अहेरी-एटापल्लीच्या जंगलातून, सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांना साइड देत त्यांनी गावोगावची माणसं घरी पोचवली. पण दुसऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी गप्प बसणं त्यांना कधी जमलं नाही. निवृत्तीनंतर आयर्लंडात नर्स असलेल्या लेकीनं, साक्षीनं, आईबापाला बोलावून घेतलं आणि समुद्रकाठच्या रस्त्यावर ती पाळी आलीच. गाडी जावई चालवत होता, अश्वजित.

एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला खोल खाली फेसाळणारा समुद्र. दोन बैलबंड्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी, एवढाच रस्ता. वामनरावांचं लक्ष मात्र जावयाच्या हातांवर. कुठे चुकतो, एवढंच ते बघत होते.

"पोटातलं पाणी नाई हालत," मागून कमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत तं मले मळमळेच."

वामनरावांच्या जिवाला ते लागलं. एवढ्या संसारात बायकोनं त्यांच्या गाडीचं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

वळणावर पर्यटकांची मोठी बस समोर आली. 'आता पाहू,' वामनराव मनात म्हणाले. अश्वजितनं कड्याला लागून गाडी अलगद मागे घेतली, रुंद जागेपर्यंत. जाताना बसवाल्यानं स्टिअरिंगवरचं बोट उचलून त्याचे आभार मानले. वामनरावांनीही हात वर केला. तो कोणी पाहिला नाही.

पुढे सगळे समुद्र बघायला उतरले. "माहे गुडघे दुखून राह्यले," म्हणत वामनराव गाडीतच थांबले, आणि मंडळी लांब जाताच ड्रायव्हरच्या सीटवर सरकले. तेवढ्यात कमलाबाईंची शाल न्यायला अश्वजित परतला. चोरी पकडल्यागत वामनरावांचं तोंड उतरलं.

"मामाजी, सीट मागं करू का?"

"नोको. इथचं लायसन कुठी आहे मले?" मग त्यांच्यानं राहवेना. "जावईबापू, तुम्ही चालवून राह्यले अन् मी बसून राह्यलो. जीव जळून राह्यला माहा."

अश्वजित हसला नाही. शेजारी बसत म्हणाला, "तुम्ही बाजूले बसणार म्हणून मी हा रस्ता काल एकटा चालवून पाह्यला, मामाजी. भेव वाटे."

वामनरावांना बरं वाटलं. थोडंसंच.

परतताना ते मागे बसले आणि त्यांनी पहिल्यांदा समुद्राकडे पाहिलं.

"कसा आहे?" कमलाबाईंनी विचारलं.

"मोठा आहे," ते म्हणाले. "पण हे वळण जावईबापूनं जरा जोरात घेतलं."