दोन चालींच्या पऱ्या, आठ चालींचे बुटके

निखिलची परदेशातली नोकरी अडकली होती, तेव्हा मी सोळा सोमवार बोलले होते. उद्यापन झालं आणि महिन्यात मुलगा गेलासुद्धा! देवाची काही चूक नाही. 'जवळची नोकरी' म्हणायला मीच विसरले.

मागे राहिला त्याचा खेळ. पटावर मैदान, एक बॉल आणि पऱ्या, बुटके, राक्षस, भुतं अशा टीमा. बॉल पलीकडच्या रेषेपार नेला की गोल, तीन गोल झाले की खेळ संपला. गुरुवारी मासळी कमी खपते, म्हणून त्या दिवशी पाचूबंदरच्या मंगलाताई येतात आणि माणिकपूरहून निखिलच्या शाळेतल्या रोझीबाई. नायगावच्या या टॉवरमध्ये आम्ही तिघी पटाशी बसलो, की किस्से साठतच जातात.

*

भुतांची टीम घरात उघडायची म्हणजे मला धसका. पहिल्या दिवशी त्यांना हळदकुंकू वाहिलं. निखिल व्हिडिओ कॉलवर हसत सुटला. "आई, प्लास्टिकची आहेत ती!"

म्हटलं, "असू देत. एका घरात राहायचं तर ओळख नको?"

*

ती भुतं मंगलाताईंनी उचलली. टीम संथ, पळून गोल होणं अशक्य. त्यांनी काय केलं, बॉलवाल्या भुताच्या चार कोपऱ्यांना चार भुतं उभी केली आणि सगळा घोळका एकेक घर पुढे! मी हात टेकले. "हे कुठे शिकलात?"

"शिकाचं काय त्यात, वैनी? बाजारात टोपली मधी, आमी चौघी चार बाजूला. कोन हात लावतंय बगू!"

*

ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोझीबाईंनी ठरवलं, चाळीस दिवस पटावरही कुणाला मारायचं नाही. आणि वाट्याला आले राक्षस! त्यांचा गोल म्हणजे आधी समोरच्याला आडवं करायचं, मग चालत जायचं.

"बाई, तुमचे राक्षस चर्चला निघाले काय?" मंगलाताई म्हणाल्या.

पण मला वाटे, आता मारतील. मी एकेक खेळाडू बाजूला घेत गेले. बाईंचा राक्षस मधून सरळ चालत गेला. गोल!

*

मी एकदाच पऱ्या घेतल्या. निखिलने सांगितलं होतं, "पास दे आणि पळ. दोन चालींत गोल." तसंच केलं. तीन गोल! चारला मांडलेला खेळ सव्वाचारला आटोपला, आणि दोघी चपला घालून लिफ्टमध्ये. तिघींचे दडपे पोहे मी दोन वेळा खाल्ले.

तेव्हापासून मी बुटके घेते. आठ चालींत कसाबसा एक गोल होतो. सात सहज वाजतात.

*

परवा पऱ्या रोझीबाईंकडे होत्या. दोन गोल झालेले. माझे बुटके सगळे आडवे पडलेले, आणि बॉल घेतलेली परी रेषेपासून एका घरावर. घड्याळात साडेचार.

"घ्या गोल, बाई," मी म्हटलं. पटाकडे बघवेना.

बाईंनी परी उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाच्या मधोमध आणून ठेवली.

"ओ बाई! उलट्या कुटं चालल्या?" मंगलाताई ओरडल्या.

"पळताना मैदान बघायचं राहिलं तिचं," बाई म्हणाल्या.

मंगलाताईंनी खांद्याला लावलेली पिशवी खाली ठेवली. "वैनी, चा टाका परत."

तुमच्याकडेही कुणी खेळायला येत असेल, तर एवढं करा. शेवटच्या घरावरून एकदा मागे फिरा.