लेप्याचे डोळे

१९७२ सालच्या जानेवारीतला शनिवार. पैज दहा रुपयांची. आकुर्डीच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये हजर तिघे: मी, टूलरूममधले सोलापूरचे मिस्त्री आणि मशिनं बसवायला आलेले जर्मन साहेब.

साहेबांनी खडूनं टेबलावर एक चपटा मासा काढला आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला दिले. याला सोल म्हणतात, आमच्याकडे लोण्यात परततात आणि मोठ्या हॉटेलात त्याला फार भाव असतो, असं त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी म्हणालो, असा मासा मालवणातही मिळतो, लेपा म्हणतात. मी पाहिलेला नाही, पण बायको सांगते.

मिस्त्री हसले. "राव, साहेब चित्र चुकले आणि वहिनींनी माहेरच्या बाता मारल्या. तुम्ही दोन्ही खरं धरलं."

ती बाता मारत नाही, हे मला माहीत होतं. असा मासा आणून दाखवतो, अशी पैज मीच लावली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला, लष्कर भागातल्या मासळी बाजारात गेलो. लेपा मिळाला. साफ करून द्या म्हणालो, आणि बांधून दिलेली पुडी तशीच घरी आणली. बायकोनं ती उघडली आणि कपाळाला हात लावला. लेप्याचं डोकं उडवून कातडी ओढून काढायची, ही रीतच आहे. डोळे बाजारातच राहिले होते.

"घाटावरचे ते घाटावरचेच," ती म्हणाली. तो आम्ही तळून खाल्ला.

मी माघार घेणार नव्हतो. पुढच्या रविवारी ती सोबत आली. मासेवालीनं सुरी उचलताच हिनं तिचा हात धरला.

"मावशी, राहू द्या. डोळ्यांसकट हवाय."

घाण घरी कशाला नेतेस, असं पुटपुटत तिनं अख्खा मासा दिला.

दुपारी साहेब आणि मिस्त्री जेवायला आले. बायकोनं ताटलीतला लेपा आधी मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी तो उलटला, पुन्हा सुलटा केला. एका बाजूला दोन डोळे, दुसरी बाजू कोरी. साहेबांनी खिशातला खडू काढून मिस्त्रींना दाखवला. मग तिनं मासा सोलला आणि रवा लावून तळला. साहेबांच्या पानात नुसता काटा उरला.

मिस्त्रींनी दहाची नोट माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, पैज माझी, पण शब्द हिचा. त्यांनी नोट तिच्या हातात दिली. "चुकलो, वहिनी."

दोन लेपे आणि येण्याजाण्याचं भाडं मिळून घरखर्चातले अकरा रुपये साठ पैसे गेले होते. वरचा एक रुपया साठ पैसे मी तिला माझ्या खिशातून दिला.