बसंतीबाईच्या नावेवरचं पाणी

बेंबळा धरणाच्या काठावर, बाभूळगावच्या बाजूला, एक तांडा आहे. तिथल्या बसंतीबाई राठोडने पन्नाशी ओलांडल्यावर नाव बांधायला घेतली. मासे धरायची नाही, फिरायची. खाली लोखंडी तळ, वर पत्र्याचं छत, आत झोपण्याजोगी बाकं, कोपऱ्यात शेगडी आणि छतावर सोलर. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडे तिने इतक्या खेपा घातल्या की शेवटी तोच म्हणाला, "बाई, तुमी इथं खाटच टाका."

"आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले," ती सांगायची. "मीच काहून एका जागी बसू?"

मी नेरचा, शाळामास्तर होतो. पक्षी पाहायचा नाद जुना. हिवाळ्यात धरणावर पट्टकादंब हंस उतरतात, ते पाहायला मी आणि माझी थोरली बहीण विमलताई दरवर्षी जातो. विमलताई सरकारी दवाखान्यात नर्स होती. बसंतीबाईच्या नावेवरचे पहिले पाहुणे आम्हीच. बेत असा, की काठाकाठाने अख्ख्या धरणाला फेरी मारायची, मुक्काम नावेतच.

ती फेरी अर्ध्यावर मोडली. पाण्याच्या कॅन पुढच्या बाजूला रचल्या, तर नावेचं तोंड खाली बसलं. म्हणून निम्म्या उतरवल्या. दुसऱ्या दुपारी उरलेल्या संपल्या. धरणाचं पाणी उकळायला घेतलं तर गॅस संपला. परत फिरलो. सुकाणू बसंतीबाईच्या हातात होतं. काठाला लागल्यावर म्हणाली, "चारी बाजूनं पाणी, अन् तहान लागली म्हणून परत आलो. मले लाज वाटून राह्यली, सर."

तिचा नवरा पूनमसिंग नाव खुंट्याला बांधत म्हणाला, "नाव बांधली, आता इहीर पण बांध तिच्यावर."

ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी यवतमाळची एसटी धरली.

तिथल्या फिल्टरच्या दुकानदाराने तिला आरओचं मोठं मशीन दाखवलं. घरोघरी हेच जातं, म्हणाला. तिने ते नावेत बसवून पाहिलं. मशीन सुरू झालं की सोलरची बॅटरी बसायची, आणि धरणाच्या गढूळ पाण्याने आठवडाभरात त्याचा दम कोंडला. मशीन परत गेलं. मग स्टीलचा कॅण्डलवाला फिल्टर आणला. त्याला वीज लागत नव्हती, पण नाव जरा कलली की तो उंच डबा डुलायचा. एकदा लाटेने आडवाच झाला आणि आतल्या कॅण्डलला तडा गेला. तडा गेलेल्या कॅण्डलमधून पाणी भराभर यायला लागलं, तसा पूनमसिंग खूश झाला.

"पह्य, आता कसा मस्त चालून राह्यला!"

"तो गाळतच नाई आता," बसंतीबाई म्हणाली. "नुसता वतून राह्यला."

या टप्प्यावर तिने विमलताईला फोन केला. ताईने एकच विचारलं, "धरणाच्या पाण्यात वाईट काय हाय, हे तपासलं का तू? रोग कोणता ते न पाह्यता औषध घेऊन राह्यली."

ते बसंतीबाईला पटलं. तिने तांड्याच्या बोअरचं आणि धरणाच्या मधोमधचं, अशा दोन बाटल्या तपासायला दिल्या. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं. ते काढायला आरओच लागतं, म्हणून गावोगावी ते मशीन चालतं. धरणाच्या पाण्यात फ्लोराइडही फारसं नव्हतं आणि क्षारही. होती ती माती आणि जंतू. म्हणजे घराला लागणारं मशीन नावेला लागतच नव्हतं.

मग निवड सोपी झाली. तिने केसासारख्या बारीक पोकळ नळ्यांचा फिल्टर घेतला. हाताच्या पंजाएवढा. वीज नको, उंच डबा नको, पाणी वरून खाली आपल्या वजनाने उतरतं. माती त्याला चोंदवते, म्हणून तिने छताखाली एक झाकणाचा पिंप टांगला. त्यात तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा. पिंपाची तोटी तळापासून चार बोटं वर लावली, म्हणजे गाळ खालीच राहतो. तोटीवर कापड, मग फिल्टर, शेवटी कोळशाची नळी. फिल्टर मंदावला की मोठ्या पिचकारीने उलटं पाणी मारायचं. सगळं दोरीने असं बांधलं, की नाव डुलली तर पिंपही सोबत डुलायचा, पडायचा नाही.

विमलताईने तिला तपासणीच्या शिश्या पाठवल्या. पाणी दूषित असलं की त्या काळ्या पडतात. बसंतीबाईने एकीत काठाचं पाणी भरलं, दुसरीत फिल्टरचं, आणि दोन्ही चुलीजवळ उबेला ठेवल्या. काठाची शिशी शाईसारखी काळी झाली. फिल्टरची होती तशीच राहिली. एकदा झालं म्हणून तिचं समाधान झालं नाही. पावसाळाभर, पाणी चहासारखं लाल असतानाही, ती भरत राहिली, पाहत राहिली.

हिवाळ्यात तिने आम्हाला पुन्हा बोलावलं. सोबत पूनमसिंग, आणि दुसरे पाहुणे म्हणून यवतमाळची सुरभी आणि तिचा नवरा कपिल होते. नावेवर पाण्याची एकही भरलेली कॅन नव्हती. विमलताईने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"जंतू गेले, मानलं. पऱ्हाटीवरच्या औषधाच्या फवारणीचं काय? ते पावसासंगं धरणातच येते."

"त्याचा पुरा भरवसा मी देत नाई, ताई. कोळसा थोडंफार धरते म्हणते. म्हणून मी नाल्याच्या तोंडाशी पाणी भरतच नाई. मधातून भरते, जिथं वावर दूर हाय."

ताई पाणी प्यायली. "गोड हाय," एवढंच म्हणाली.

फेरीत धरणाच्या पलीकडच्या टोकाला, एका खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात, कोणाचं तरी सोडून दिलेलं जाळं इंजिनच्या पंख्यात अडकलं. जाळं कापलं, पण पंख्याची पिन तुटलेली. पूनमसिंग पिन आणायला काठाने सडकेकडे चालत निघाला. तो दुसऱ्या दिवसाआधी येणार नव्हता. वारा सुटला होता, आणि पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं. आमच्या शेजारीच पाणी होतं, पण त्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांतून येणारा नाला उतरत होता.

कपिल बादली घेऊन वाकला. "इथलंच घेऊ ना, फिल्टर आहे की."

"नाई, दादा," बसंतीबाईने बादली धरली. "मी ताईले शबद देला."

सकाळी वारा थोडा पडला, तशी ती नावेमागे बांधलेल्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसली. समोर दोन रिकाम्या कॅन, हातात वल्हं. आम्ही नको नको म्हणत राहिलो. लाटा अजून होत्याच. तराफा एका लाटेमागे दिसेनासा व्हायचा, पुन्हा वर यायचा. सुरभी दुर्बिणीतून पाहून सांगत होती, "आता कॅन भरल्या. आता बाई वळल्या." बसंतीबाई परतली तेव्हा लुगडं कमरेपर्यंत ओलं आणि कॅन काठोकाठ भरलेल्या. तुरटी फिरली, गाळ बसला, आणि नळीतून पहिली धार पडली तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्याच पाण्याचा चहा झाला, खिचडी झाली.

पूनमसिंग दुपारी पिन घेऊन आला आणि त्याने ती बसवली. कोणी आजारी नाही, कोणी तहानलेलं नाही. तरी त्याने विचारलं, "आता सरळ घरी जायचं नं?"

"घरीच जायचं," बसंतीबाईने इंजिनची दोरी ओढली, "पण उरलेली फेरी मारून."

आणि आम्ही मारली. कादंबांचा थवा आमच्या डोक्यावरून आवाज करत गेला, इतक्या खालून की पंखांचा वारा लागल्यासारखं वाटलं. तांड्याचा काठ दिसला तेव्हा बायका पाण्यापर्यंत उतरून आल्या होत्या. धरणाची फेरी अर्ध्यावर न मोडता पुरी करून आलेली तांड्यातली ही पहिली नाव होती. पूनमसिंगने छतावर चढून ओरडून सांगितलं, "पुरी फेरी! अन् घरून एक थेंब पाणी नेलं नाई!"

आता मासेमारीच्या नावांवरही छोटे पिंप टांगलेले दिसतात. बसंतीबाई स्वतः जाऊन बांधून देते, पिचकारी कशी मारायची ते दाखवते, आणि जो नाल्याच्या तोंडाशी पाणी भरताना सापडेल त्याला सगळ्यांदेखत झापते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"सर, इसापूरचं धरण यापेक्षा मोठं हाय म्हणते. नाव ट्रॅक्टरवर चढते का, पाहून राह्यली मी."