व्हर्नाची कुलपं

व्हर्ना पार्डीच्या घराच्या पुढच्या दाराला दोन कुलपं आहेत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कुणालाही एवढं सांगितलं की ही बाई जरा वेगळी आहे हे त्याला कळतं. इथे घराला कुलूप लावायची पद्धत नाही. ओळखीच्या घरी जाताना दार वाजवायचीही पद्धत नाही; सरळ आत शिरायचं, बूट काढायचे आणि केटलमध्ये पाणी आहे का ते बघायचं. मी बाहेरून आलेली, आणि बाहेरून आलेला माणूस इथे कितीही वर्षं राहिला तरी बाहेरचाच. त्यामुळे मी सगळीकडे दार वाजवूनच जाते. व्हर्नाकडे तर घंटाच वाजवावी लागायची.

आमचं ऑफिस किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या सात लहान दवाखान्यांचा कारभार बघतं. मी कागदपत्रं सांभाळते, व्हर्ना सर्व्हर सांभाळते. साठीला आलेली, बुटकी, ठसठशीत आवाजाची बाई. दर सोमवारी काकवीचे बन भाजून आणते, अख्ख्या मजल्यावर वाटते, स्वतःला ठेवायला विसरते आणि मग माझ्या बनातला अर्धा मागून घेते. मला तिचं हे फार आवडतं, पण तिच्या तोंडावर मी कधी म्हटलेलं नाही.

कुलपांवरून कुणी तिची टर उडवली की ती एकच गोष्ट सांगते. ती लहान असताना सरकारी योजनेत त्यांचं अख्खं बेट उठवलं गेलं. सगळी कुटुंबं मोठ्या गावात हलली. भिंतीवरचं घड्याळ, शिवणाचं मशीन आणि आजीची खुर्ची पुढच्या खेपेला नेऊ म्हणून मागे ठेवली होती. पुढच्या खेपेला गेले तर चोरांनी घर धुऊन नेलेलं. दार मोडलेलं नव्हतं, कारण मोडायला त्याला कुलूपच नव्हतं. तिची आई त्यानंतर कितीतरी दिवस घड्याळाचे ठोके ऐकायला थांबल्यासारखी मधेच थांबायची.

आता आमचे दवाखाने घ्या. सातही ठिकाणी एकच पासवर्ड होता, आणि तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला असायचा. दुरून सर्व्हरवर शिरायला तेवढा पुरे. पेशंटच्या फाइली शहरातल्या डॉक्टरांकडे जायच्या त्याही उघड्या, पोस्टकार्डासारख्या, वाटेत ज्याला हव्या त्याने वाचाव्यात. व्हर्नाने एकदा मला पडदा दाखवला. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून अनोळखी लोक आमचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होते. आमच्या दाराची कडी सतत कुणीतरी हलवून बघत होतं. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘घड्याळ न्यायला आलेत.’

मग तिने कंबर कसली. पासवर्डने शिरणं बंद करायचं. प्रत्येकाला स्वतःची किल्ली, म्हणजे त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये राहणारी एक गुप्त फाइल. ती असेल तरच दार उघडेल. पेशंटच्या फाइली सीलबंद होऊन जातील. शिवाय सर्व्हरच्या दारावर नावांची यादी. यादीत नाव नाही तो बाहेर, मग किल्ली असली तरी. आणि अडीअडचणीसाठी मुख्य पासवर्ड एका बंद लिफाफ्यात, दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात. तो फक्त तिथल्या सर्व्हरच्या मशीनसमोर बसूनच वापरता येईल.

आमचा साहेब क्लाइड याला हे सगळं म्हणजे डोक्याला ताप वाटत होता. तो व्हर्नाला म्हणाला, “अहो, जे लोक आपल्या घराला कुलूप लावत नाहीत, ते तुमच्या किल्ल्या सांभाळणार? दोन दिवसांत पासवर्ड परत चिठ्ठीवर येईल.” शेवटी एवढं ठरलं की आधी एकाच दवाखान्यात करून बघायचं. शुक्रवारी व्हर्नाने ते क्लाइडला चालवून दाखवायचं. पटलं तर बाकीच्या सहा ठिकाणी करायचं, नाहीतर होतं तसंच राहू द्यायचं. दोन वर्षं ती या कामामागे लागलेली होती.

पहिला दवाखाना पेनीज बेटावरचा. तिथली नर्स सेलिना कीपिंग, व्हर्नाची शाळेतली बाकमैत्रीण. व्हर्नाने तिला फोनवर इतक्या वेळा पढवलं की मलाही पाठ झालं: फोनवरून कुणी सांगितलं म्हणून लिफाफा फोडायचा नाही, मशीनला हात लावायचा नाही. साहेबाने सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही.

सर्व्हरचं काम करणाऱ्यांचा एक नेम असतो. दारात काही बदल केला तर पडद्यावरच्या ज्या खिडकीतून तुम्ही आधी शिरलात ती बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडायची, नव्या दाराने आत जाता येतं का बघायचं, आणि मगच पहिली मिटायची. व्हर्नाने हा नेम कधी मोडला नव्हता. पण त्या बुधवारी यादी चढवून झाली, आणि तेवढ्यात कुणीतरी तिला रिटायर होणाऱ्या बाईंचा केक कापायला हाक मारली. व्हर्नाने खिडकी मिटली आणि गेली. केक सगळ्यांना वाटून, स्वतः न खाता परत आली, तर सर्व्हर तिला आत घेईना.

यादीत तिने सेलिनाचं नाव घातलं होतं, मदतनिसाचं घातलं होतं, महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांचंही घातलं होतं. स्वतःचं घालायला ती विसरली होती.

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. दवाखान्याचं काम व्यवस्थित चालू होतं, फाइली जात होत्या, फक्त व्हर्ना बाहेर होती. शुक्रवारी क्लाइडसमोर काय दाखवणार? तिने सेलिनाला फोन लावला. लिफाफा फोड, मशीनसमोर बस, मी सांगते तसं टाइप कर, पाच मिनिटांचं काम आहे.

“नाही करणार,” सेलिना म्हणाली.

“अगं सेलिना, मी बोलतेय.”

“आवाज तुझाच वाटतोय. पण हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते, असं तूच म्हणाली होतीस.”

व्हर्नाने शाळेतल्या बाईंचं नाव सांगितलं, बाकावर काय कोरलं होतं ते सांगितलं. सेलिना म्हणाली की हे अर्ध्या गावाला माहीत आहे. व्हर्ना चिडली, मग गयावया केली, मग परत चिडली. शेवटी सेलिनाने शांतपणे, उद्याच्या फेरीबोटीने ये, असं सांगून फोन ठेवला. व्हर्ना लाल झाली होती. सेलिनाला शिव्याही द्यायच्या होत्या आणि अशी शिकवली म्हणून मिरवायचंही होतं, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं.

आवाज ऐकून क्लाइड बाहेर आला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. व्हर्नाने सगळं सांगितलं. क्लाइड म्हणाला, थांबा, माझं ऐकेल ती. त्याने स्वतः फोन लावला, हुद्दा सांगितला, आवाज चढवला. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण क्लाइडचे कान लाल झालेले दिसले. त्याने फोन ठेवला.

“मला म्हणते, ओळखपत्र घेऊन या,” तो म्हणाला. “व्हर्ना, बाकीच्या सहा ठिकाणी कधी सुरू करताय?”

“शुक्रवारी दाखवायचं होतं ना?”

“दाखवलंत की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फेरीने पेनीज बेटावर गेलो. वारा इतका होता की धक्क्यावर बोलताही येत नव्हतं. दवाखाना आणि सेलिनाचं घर एकाच छपराखाली आहे. पुढून दवाखाना, मागून स्वयंपाकघर. व्हर्ना सवयीने मागच्या बाजूला वळली, दार ढकललं आणि आत गेली. सेलिना चुलीपाशी पाठमोरी उभी राहून पावाच्या पिठाच्या टिकल्या तळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“बस. लिफाफा टेबलावर आहे.”

व्हर्ना अर्धा कोट काढलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिली. “सेलिना! काल मला फोनवर उभं केलं नाहीस, आणि आज नुसतं वळून बघतही नाहीस? कुणीही असू शकलं असतं.”

“कुणीही कसं असेल?” सेलिना टिकली उलटत म्हणाली. “परकं माणूस दार वाजवतं.”

व्हर्नाने उरलेला कोट काढला, लिफाफा घेतला, मशीनसमोर बसून आपलं नाव यादीत घातलं, दुसरी खिडकी उघडून खात्री केली आणि परत येऊन काकवी घातलेल्या टिकल्या खाल्ल्या. या वेळी तिच्या ताटलीत पहिली टिकली सेलिनानेच वाढली. परतीच्या फेरीत व्हर्ना मधेच एकदा म्हणाली, आई असती तर सेलिनासारखंच बोलली असती.

पुढच्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. खारवलेलं मांस, कोबी, वाटाण्याचं पुडिंग, सगळं साग्रसंगीत. मी नेहमीसारखी पुढच्या दाराशी गेले. दोन्ही कुलपं जागेवर होती. घंटा वाजवली, पण कुणी आलं नाही. वळसा घालून मागे गेले, तर मागच्या दाराच्या फटीतून कोबीचा वास येत होता. मी हात उचलून दोनदा टकटक केलं.

आतून तो ठसठशीत आवाज आला, “वाजवतेस काय? परकी आहेस का तू?”

मी दार ढकललं. ते उघडंच होतं. आत जाऊन बूट काढले आणि केटलमध्ये पाणी आहे का ते बघितलं, कारण डोळे पुसायला तेवढाच वेळ मिळणार होता.