विजापूरहून आलेल्या मॅडम

माझ्या सासरी विजापूरकडून माणसं यायची ती सोयरिकीलाच. मीसुद्धा तशीच, तिकडून लग्न होऊन सोलापुरात आलेली. त्यामुळे लेकीनं कॉलेजातून फोन करून सांगितलं की तिकडच्या विद्यापीठातल्या एक मॅडम संध्याकाळी घरी येतायत, तेव्हा सासूबाईंनी पुढचं काही ऐकलंच नाही. पोहे भिजत घातले आणि पोरगी घरी येताच तिला माझी जांभळी साडी नेसायला लावली.

"आजी, अ‍ॅडमिशनचं बोलायला येतायत गं त्या."

"असंच कायबाय सांगून येत्यात पोरगी बघायला. गप नेस."

मॅडम आल्या. सोबत गाडीचा ड्रायव्हर. सासूबाईंनी बशी पुढं करत विचारलं, "मुलगा काय करतोय?" मॅडम गोंधळल्या. "मुलगा? मी हिच्या एम.एस्सी.साठी आलेय."

घराचा नूरच पालटला. लग्नासाठी आलेल्या पाहुण्यांवर आमचा चटकन विश्वास बसतो, शिकायला पाठवा म्हणणाऱ्यावर नाही. नवऱ्यानं सरळ विचारलं, "एका पोरीमागं तुम्हाला काय मिळतं?" मी त्याच्याही वरताण. एवढ्या उन्हात कुणी फुकट दारोदार हिंडतं का? कुठंतरी पाणी मुरत होतं. म्हणून मला कन्नड येतं हे मी दडवून ठेवलं. आपसात बोलतील तेव्हा कळेलच.

बोलले ते. मॅडम ड्रायव्हरला हळूच कन्नडमध्ये म्हणाल्या, "मुलीनं स्वतः फोन करून बोलावलंय आपल्याला, आणि तिलाच कुणी काही विचारेना."

झालं, आता मला लेकीचाही संशय यायला लागला. माझ्या माघारी आणखी काय काय ठरवलंय हिनं?

"कळवतो," नवरा म्हणाला. स्थळाला नकार द्यायचा असला की आमच्याकडं असंच म्हणतात. सासूबाईंनी री ओढली, "एवढ्या लांब पोरीला कसं धाडायचं? तितं आपलं कोण हाय?"

मी या घरात आले तेव्हा इथं माझं कोण आहे, हे कुणीही विचारलं नव्हतं. असा राग आला की हातातली बशी मी दाणकन खाली ठेवली.

"माझी आई हाय की तितं," मी म्हणाले.

"ते वेगळं," नवरा पुटपुटला.

मग मी मॅडमकडं वळले आणि कन्नडमध्ये विचारलं, हॉस्टेलच्या फाटकाची किल्ली रात्री कुणाकडं असते? ड्रायव्हरला ठसका लागला. मॅडमनी नीट उत्तर दिलं, तरी मला पटलं नाही. मी स्वतः येऊन बघणार, असं बजावलं. जेवण कोण करतं, पाणी कुठलं, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी लेकीला म्हटलं, "तुला जायचंय ना?"

पोरगी पदर खोचून उठली. तिचे डोळे भरले होते.

"व्हय. पण आई, त्यांची एवढी उलटतपासणी घ्यायच्या आधी तू तरी मला विचारायचंस की."